अकरा खुणा

मिरजेतल्या एका गल्लीत आडाच्या पाण्याला गोडसर, उग्र वास येऊ लागला. आडाला लागूनच दादासाहेब पोतनिसांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. गल्लीकर कोर्टात गेले. दुकानाखालची माती तपासायला प्रदूषण-तज्ज्ञ अनुया खरमाटे आली, पण कोर्टाने तिला एकच खड्डा घ्यायची परवानगी दिली होती. दुकान चांगलं ऐसपैस होतं. जागा चुकली की सगळंच मुसळ केरात!

"चाळीस वर्षांत रसायनाचा थेंब सांडला नाही," दादासाहेब मिशीवर ताव देत म्हणाले.

या माणसाला नक्की काय ठाऊक असेल, याचंच अनुयाला कुतूहल वाटलं. तिने खडू पुढे केला. "खड्डा कुठे कुठे घेतलेला चालेल, तुम्हीच खुणा करा."

दादासाहेब खुलले. दारात, टेबलापाशी, खिडकीखाली अशी त्यांनी अकरा वर्तुळं काढली. धुलाईच्या यंत्रामागच्या कोपऱ्याकडे मात्र ते फिरकलेच नाहीत.

अनुयाने मजुरांना नेमका तोच कोपरा दाखवला.

"अहो, तिथे मी कुठे खूण केलीय?"

"म्हणूनच! अकरा जागा स्वच्छ असल्याची खात्री तुम्हीच दिलीत. शंका उरली ती एवढ्याच जागेची."

दोन हात खणताच वासाचा भपकारा आला. दादासाहेबांची मान खाली गेली.

"गळकं पिंप तिथेच ठेवायचो," ते पुटपुटले.