नाक शोधणारा ब्रश

रंगाच्या वाट्या बोलत आणि ब्रश रुसत, त्या काळची गोष्ट. चित्रकार यमुनाबाई माणसांची चित्रं काढत. पापण्यांचा एकेक केस रेखायचं काम खारीच्या केसांच्या बारीक ब्रशचं. त्याचा तोरा काही विचारू नका!

उतारवयात यमुनाबाई अमूर्त चित्रं शिकू लागल्या. ब्रश बाजूला पडला. तुटकी फणी ओल्या रंगातून घसरगुंडी खेळू लागली, नारळाचा काथ्या थपथप नाचू लागला.

"याला नाक कुठंय?" ब्रश करवादला. "प्रदर्शनात लोक हसतील!"

"अरे, नुसतं बघ ना," फणी म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

प्रदर्शनाच्या सकाळी चित्र टांगताना पंचाईत झाली. वरची बाजू कुठली? यमुनाबाईंनी ते जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी फिरत रंगवलेलं. काथ्या म्हणे ही, फणी म्हणे ती.

बाईंनी हसत पिशवीतून बारीक ब्रश काढला. "सही जिथं, ती खालची बाजू. आता तूच ठरव, बाबा."

ठरवायचं तर बघणं भाग होतं. बाईंनी चित्र एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा त्यातला निळा असा काही उसळला, की ब्रशचे केस ताठ झाले.

"हीच! हीच!" म्हणत त्याने कोपऱ्यात झोकात सही केली.

दार उघडलं. पहिलेच पाहुणे डोकं खाजवत म्हणाले, "यात नाक कुठंय हो?"

"नाक कसलं शोधताय?" पिशवीतून ब्रश ओरडला. "नुसतं बघा ना!"