सगुणबाची दुनळी

फार वर्षांपूर्वी, कातळोशीच्या खाडीवर दिवा नव्हता तेव्हा, कड्यावर एकच घर होतं. त्यात सगुण आणि त्याची बायको द्वारका राहायचे. सगुण जातीचा कोळी, पण समुद्र त्याला सोसत नसे. होडीत बसला की त्याला बोट लागायची. म्हणून तो कड्यावर नाचणी पिकवायचा आणि खाली बंदरातले लोक त्याला हसायचे.

नाचणी पिकली की रानडुकरं उतरायची. पलीकडच्या गावच्या खोतांकडे एक दुनळी बंदूक होती. ठासणीची, विलायतेहून आलेली. खोतांच्या हातून एकदा गाभण भेकर मेलं, तेव्हापासून त्यांनी ती खुंटीला टांगली होती. सगुण बाजाराला गेला की वाट वाकडी करून ती बघून यायचा. एक दिवस खोतांनी विचारलं, "घेऊन मारणार काय?"

"राखायला पाहिजे, दाजीसाहेब. पण एखादं डुक्कर मारीनही. खोटं कशाला बोलू?"

खोतांनी ती खुंटीवरून खाली काढली. मग म्हणाले, "तुझी म्हैस आणून बांध, आणि ने."

द्वारकेनं कपाळावर हात मारला. "दूध देणारी दिली आणि धूर देणारी आणली!" दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही.

पण सगुणला त्या बंदुकीचं वेड लागलं. बार उडवला की ऊन पाण्यानं नळ्या धुवायच्या, चिंधी फिरवायची, खोबरेल चोळायचं. पोलादात लाटांसारखी नक्षी होती, उन्हात धरली की ती हलल्यागत दिसायची. दस्त्यावर कुणा अनोळखी माणसाच्या गालानं झिजलेली जागा होती. सगुण तिथं आपला गाल टेकवायचा. ज्यानं ही घडवली, ज्यानं आधी धरली, ते कोण असतील, असं त्याला वाटायचं. उजव्या नळीचा आवाज जाड, डावीचा जरा चिरका. हळूहळू बंदरातल्या बायासुद्धा ओळखायला लागल्या. लागोपाठ दोन बार झाले की म्हणायच्या, "सगुण बोलला."

असं म्हणतात, की माघातल्या एका सकाळी वारा पडला आणि समुद्रावरून असं धुकं आलं, की स्वतःचा हात दिसेना. होड्या बाहेर होत्या. भरती लागली होती, आणि खाडीच्या तोंडाशी दोन्हीकडे काळे खडक. बाया किनाऱ्यावर ओरडत होत्या, पण धुक्यात हाक कुठून येते तेच कळेना. द्वारकेचे दोघे भाऊ त्या होड्यांत होते. तिनंच बंदूक काढून नवऱ्याच्या हातात दिली.

सगुण कड्याच्या टोकाशी गेला. तिथून सरळ खाली खोल पाण्याची वाट होती. छर्रे न घालता त्यानं नुसती दारू ठासली, वर काथ्या, आणि बार काढला. जाड, मग चिरका. पुन्हा भरली, पुन्हा काढला. धुक्यातून एक होडी आली, मग दुसरी.

नळ्या तापल्या. तापल्या नळीत दारू ओतली तर तोंडावर भडका उडतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? द्वारका म्हणाली, "जरा थांबा, गार होऊ द्या."

"भरती थांबेल का?" तो म्हणाला.

त्याची दारू संपली. लोकांनी शिमग्यात पालखीपुढे उडवायच्या उखळी तोफांची दारू वर आणली. ती बंदुकीला सोसण्यातली नव्हती. डावी नळी फाटली आणि सगुणची तीन बोटं गेली. द्वारकेनं पदर फाडून हात बांधला. मग ती ठासायची आणि तो चाप ओढायचा. उजवी नळी एकटीच बोलत राहिली, आणि शेवटी तीही उकलली. तेव्हा एक होडी यायची होती. द्वारकेच्या भावांची.

कडा गप्प झाला. सगुण फाटकी दुनळी मांडीवर घेऊन, मेल्या माणसाला कुरवाळावं तशी कुरवाळत बसला होता.

बऱ्याच वेळानं खालून वल्ह्यांचा आवाज आला. होडी नीट मधल्या वाटेनं आत आली. द्वारका धावत खाली गेली. दोघा भावांतला थोरला म्हणाला, "जाड आणि चिरका, दोन्ही बार ऐकत आलो, ताई. आता आता, वळणापर्यंत ऐकू येत होते."

द्वारका वळली आणि कडा चढून नवऱ्याकडे गेली.

त्यानंतर सगुणनं दुसरी बंदूक घेतली नाही. म्हातारा होऊन गेला, असं म्हणतात. पण कड्याला आजही सगुणबाचा कडा म्हणतात. आता तिथं दिवा आहे, होड्यांना इंजिनं आहेत, खिशात मोबाइल आहेत. तरी आत येणारी प्रत्येक होडी कड्याखाली हळू होते आणि सुकाणूवरचा तांडेल वर बघून ओरडतो, "सगुणबा, आलो!" सगळ्यांत शेवटच्या होडीला आणखी एक हाक द्यावी लागते. मागे कुणी राहिलं असेल तर ती द्यायची नाही, मग कितीही उशीर होवो.

"सगुणबा, मागं कुणी नाही!"

ती ऐकली की बंदरावरच्या बाया उठतात, टोपल्या उचलतात आणि घराकडे वळतात.