मनगटावरचा वळ

"पण माणूस मुळात चांगला, की मुळात वाईट? एवढंच सांगा ना, महाराज!"

वामनराव वकील पुन्हा तेच विचारत होते, आणि केदारपुरी महाराज कढई खरवडत होते. मठातली खिचडी तळाला लागली होती. उलथण्याची ती करकर वामनरावांच्या दाढेत शिरत होती.

"चांगला," महाराज म्हणाले.

"मग त्या येसाजीनं चोरी का केली?"

"बरं, वाईट."

"मग त्यानं पुरात उडी का घेतली?"

"मग तूच ठरव बाबा. माझी कढई राहिलीय."

वामनरावांनी कपाळावर हात मारला. कचेरीत भल्याभल्यांना ते दोन प्रश्नांत गप्प करत. पण लहानपणी याच मठात त्यांनी धुळाक्षरं गिरवली होती, आणि इथं आलं की अजूनही त्यांचं काही चालत नसे.

गोष्ट अशी झाली होती. त्यांची मुलगी मथुरा नावेतून नदी ओलांडत होती. पाणी चढलेलं. ऐन मध्यावर नाव उलटली. बाकीचे नावेला धरून राहिले, मथुरा वाहत निघाली. अलीकडच्या काठावर, खालच्या अंगाला गुरं राखणाऱ्या येसाजीनं उडी टाकली आणि खाली वळणाशी तिला बाहेर काढलं. वामनराव धावत पोचले तेव्हा पोरगी जिवंत होती. हातातल्या सोन्याच्या पाटल्या मात्र नव्हत्या, आणि येसाजीही नव्हता. परवा तो पाटल्या विकताना सापडला. उद्या कचेरीत वामनरावांची जबानी होती.

"त्याच्या पाया पडू, की त्याला आत घालू? माझी झोप उडालीय!"

महाराजांनी उलथणं खाली ठेवलं. खांबाशी बसलेल्या मथुरेला जवळ बोलावलं.

"पोरी, हात बघू."

तिनं उजवा हात पुढे केला. मनगटावर काळानिळा वळ होता, बोटं उमटल्यासारखा.

"वामन, यातला वाचवल्याचा वळ कुठला आणि चोरीचा कुठला, ते दाखव."

"असं कसं दाखवणार? एकच तर वळ आहे!"

"हं…"

"हं काय, महाराज! हं म्हणजे काय?"

महाराजांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "तूच सांग गं. काय काय झालं?"

"त्यानं मला काढलं," मथुरा हळू म्हणाली. "पालथं घालून पाठ थोपटली. पाणी ओकले तेव्हा हसला. मग पाटल्या ओढून काढल्या. मी रडायला लागले, तर म्हणाला, रडू नकोस, तुझी माणसं येतायत. आणि आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकून गेला."

"ऐकलंत?" वामनराव उसळले. "आता याला काय म्हणायचं? देव म्हणायचं, की दरोडेखोर?"

"तू तेव्हा कुठं होतास?"

"मी… अलीकडच्या काठावर. तिची वाट बघत."

"नाव उलटली ती तुझ्यापासून किती लांब?"

वामनराव चटईची काडी उपसत राहिले.

"हाकेच्या अंतरावर," मथुरा म्हणाली.

"पोहायला तर मीच शिकवलं होतं तुला, वामन," महाराज म्हणाले. "याच नदीत."

"पाणी फार होतं, महाराज! ओढ किती होती, तुम्हाला कल्पना नाही. मी ओरडत होतो. माणसं बोलावत होतो. मी काठाकाठानं धावलो…"

"धावलास तर."

"धावलो!"

नदीचा आवाज मठापर्यंत येत होता.

वामनराव ताडकन उठले. पायात वहाणा सरकवल्या. "चल गं. इथं यायलाच नको होतं. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर मिळेल तर शपथ!"

मथुरा उठली नाही.

"अण्णा, उद्या मी येते कचेरीत. झालं ते मीच सांगते."

"तुला कुणी बोलावलंय?"

"पाण्यात मी होते. सगळं मला सांगता येईल."

"सगळं म्हणजे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. तेच त्यांना सोसवेना.

वामनराव महाराजांकडे वळले. मान लाल झाली होती, आवाज चिरकला होता.

"मी त्याच्याबद्दल विचारायला आलो होतो, महाराज! माझ्याबद्दल नाही!"

महाराजांनी कढई पुन्हा पुढ्यात ओढली.

"मग त्याच्याबद्दलच विचारायचं होतंस, वामन. माणसाबद्दल कशाला विचारलंस?"