बुजवलेल्या बिळांचा धडा

एका डोंगराळ जंगलात रानकुत्र्यांची एक मोठी टोळी राहत असे. मुलांनो, रानकुत्रा भुंकण्यापेक्षा शीळ घालण्यात पटाईत असतो, आणि एकट्याने तो सहसा काही करत नाही. एकाने शीळ घातली की दहा जण धावतात. कशासाठी, हे धावून झाल्यावर विचारतात. म्हणून ज्याच्या शिळेवर टोळी धावणार, तो पुढारी नीट घडवावा लागतो. या टोळीत ते काम एका म्हाताऱ्या रानकुत्रीकडे होते. टोळीचा सरदार दर वर्षी दोन-चार होतकरू तरुण तिच्या हवाली करी. वारा कुठून येतो, नदी कुठे ओलांडावी, दमलेल्याला मागे कसे टाकू नये, हे सगळे ती हसतखेळत शिकवी. शेवटच्या धड्याची वेळ आली की मात्र आदल्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नसे.

तो धडा एका उजाड उतारावर होई. तिथे जमिनीत जागोजाग खळगे होते आणि त्यांच्या तोंडाशी वाळून काळे पडलेले काटे.

"इथं खोकडं राहायची," म्हातारी सांगे. "शिकार आपण करतोच, बाळांनो. भूक लागली की मारायचं, खायचं, बाकीच्यांना जाऊ द्यायचं. इथं तसं झालं नाही. एका वर्षी जंगलात रोगराई आली, आणि ती खोकडांनी आणली असं ठरलं. कुणी ठरवलं, आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मग त्यांना खोकड म्हणणं बंद झालं. लहानथोर सगळे 'कीड' म्हणायला लागले. मग कुणी बिळं मोजली. कुणी काटेरी बोराट्या ओढून आणल्या, कुणी माती लोटली, कुणी नुसतं उभं राहून लक्ष ठेवलं. आतली धडपड तीन दिवस ऐकू येत होती. खाल्लं तर एकही नाही. आणि नंतर ज्याला विचारावं तो म्हणायचा, 'मी तर कुणाला दातही लावला नाही.'"

"खोकड दिसायचं कसं, आजी?" एखादा विचारी.

"आता कुणाला दाखवू, रे?" ती म्हणे.

त्या वर्षी तिच्याकडे जे तरुण होते, त्यांत एक फार हुशार होता. धडा ऐकताना त्याचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो अक्षर न चुकता म्हणून दाखवला. म्हातारीला बरे वाटले. दुसरा मात्र चुळबुळ्या होता. तो काटे हुंगत फिरला, त्याने खळगे मोजले आणि एकाएकी तो म्हणाला, "आजी, तुम्ही सगळं 'कुणी, कुणी' म्हणता. तुम्ही तेव्हा कुठं होता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "ऊन चढलं. चला आता," एवढेच ती बोलली आणि पुढे चालू लागली. त्या दिवसापासून तिला त्या पोराची धास्ती वाटू लागली. बिळे मोजणारा हा, उद्या काय करील? शिकवलेले लोकांनी कसे वापरावे हे शिकवणाऱ्याच्या हातात नसते, आणि ही काळजी फार वाईट असते, मुलांनो.

पुढच्या उन्हाळ्यात पाणवठा आटला. हरणे डोंगरापलीकडे गेली. टोळीची पोटे पाठीला लागली आणि उपाशी पोटी गोष्टी लवकर पटतात. कुणीतरी म्हणाले, टेकाडावरची साळिंदरे जमीन पोखरतात, त्यांच्या भोकांतून पाणी खाली मुरते. कुणी काही तपासले नाही. चार दिवसांत साळिंदरांना सगळे 'पोखरे' म्हणू लागले. म्हातारीच्या कानावर तो शब्द आला आणि तिची झोपच उडाली.

ती तडक सरदाराकडे गेली आणि साळिंदरांच्या वाटेला जाऊ नका म्हणाली. सरदार म्हणाला, "आजी, तुमच्या वयाचा मान आहे, म्हणून ऐकून घेतो. पण पाणी तुम्ही आणणार आहात का?" मग ती आपल्या हुशार विद्यार्थ्याकडे धावली, कारण साळिंदरांची बिळे बुजवण्याची कामगिरी त्याच्यावरच सोपवली होती.

"बाळा, धडा आठवतो ना?" तिने विचारले.

"शब्दन् शब्द," तो नम्रपणे म्हणाला.

"मग हे काय चाललंय?"

तो गोंधळला. "आजी, ती खोकडं होती. बिचारी निरपराध होती. खोकडांच्या केसालाही मी धक्का लावू देणार नाही. ही साळिंदरं आहेत. आणि तिथं रोगाची नुसती अफवा होती, इथं पाणी खरंच आटलंय. तुम्हीच बघा की."

म्हातारीने त्याचा चेहरा निरखला. तो खोटे बोलत नव्हता. खोकड जंगलात एकही उरले नव्हते, आणि त्यांना न मारण्याची शपथ त्याने मनापासून घेतली होती. आता रागवावे तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टोळी टेकाडावर जमली. साळिंदरे दिवसा बिळात झोपतात, म्हणून ती वेळ निवडली होती. हुशार तरुणाने कामे अशी वाटून दिली की कुणाच्याही वाट्याला फारसे काही येऊ नये. दोघांनी तोंडे शोधली, चौघांनी बोराट्या आणल्या, बाकीचे माती लोटू लागले. एकेक तोंड बंद होत गेले. शेवटचे तोंड चुळबुळ्याच्या वाट्याला आले. तो तिथे गेला, त्याने वाकून आत हुंगले आणि मातीकडे पाठ करून तो दारातच बसला.

"काय झालं?" सरदाराने विचारले.

"आत पिल्लं आहेत."

"असतील. माती लोट."

"नाही लोटणार, सरदार."

सगळे थांबले. सरदार शांतपणे म्हणाला, "हुकूम मोडणारा टोळीत राहत नाही. एकटा रानकुत्रा किती दिवस जगतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. तरी तो उठला नाही.

सरदाराने हुशार तरुणाला खूण केली. तो पुढे झाला. तेवढ्यात म्हातारी रखडत रखडत त्या दारापाशी आली आणि चुळबुळ्याच्या शेजारी टेकली. तिला धाप लागली होती.

"याने मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलंय," ती म्हणाली. "बोराट्या मी ओढल्या होत्या. मी तुमच्याएवढी होते. काटे तोंडात रुतत होते, म्हणून माझीच मला दया येत होती. आत काय चाललंय ते ऐकू येत होतं, आणि मी आणखी एक फांदी आणायला गेले. एवढंच काम होतं माझं. हे मी शिकवलेल्या एकाही पोराला सांगितलं नाही. लाज वाटायची."

बोराटी आणणाऱ्या चौघांपैकी एकाने तोंडातली फांदी खाली टाकली. मग दुसऱ्याने. बाकीच्या दोघांनी टाकल्या नाहीत, हेही सांगायला हवे. पण सरदाराला जमाव ओळखता येत होता. आपल्याच कुत्र्यांवर आपलेच कुत्रे सोडायची वेळ आली तर काय होईल, याचा त्याला भरवसा वाटेना. "उद्या बघू," असे म्हणून तो सावलीत निघून गेला.

ती दोघे तिन्हीसांजेपर्यंत तिथून हलली नाहीत. अंधारून आल्यावर आतून जोडलेल्या बिळांतली सगळी साळिंदरे त्या एका उघड्या तोंडातून बाहेर पडली. शेवटी तीन पिल्ले आली. त्यांचे काटे अजून पुरते टणक झाले नव्हते. कुणाचे आभार मानायला ती थांबली नाहीत. खिंडीतून पलीकडे गेली. पाणी काही वाढले नाही, हे वेगळे सांगायला नको.

सकाळी सरदाराने शब्द पाळला आणि दोघांना टोळीबाहेर काढले. हुशार तरुण त्यांना हद्दीपर्यंत पोहोचवायला आला. रात्रभर तो झोपलेला दिसत नव्हता.

"आजी," तो म्हणाला, "मी तर एक शब्दही चुकलो नव्हतो."

"नाही चुकलास, बाळा," म्हातारी म्हणाली. "मीच अर्धा शिकवला. त्या बिळांत कोण मेलं ते सांगितलं, बाहेर कोण उभं होतं ते सांगितलं नाही. मग तुला तू दिसणार कसा?"

चुळबुळ्या पुढे जाऊन वारा हुंगत होता. आज पोटाला काय मिळणार, हे दोघांनाही माहीत नव्हते. म्हातारी त्याच्या मागून चालू लागली. हुशार तरुण हद्दीवर उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. मागून टोळीची शीळ आली, दुसऱ्यांदा आली, तरी तो वळला नाही.

तात्पर्य : मागच्यांनी केलेला संहार पाठ करणे सोपे असते, आज आपल्या वाट्याला आलेल्या लहानशा कामात तो ओळखू येणे, आणि ते काम हातावेगळे करण्याऐवजी तिथेच थांबणे, ही पुढाऱ्याची खरी परीक्षा.