राखणदाराचे मोजे

विषय : समुद्रबांधावरील राखणदारास विणलेले लोकरी मोजे घालण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : राखणदाराचे गारठलेले पाय.

फार पूर्वी, इंग्रजांच्या मुलखासारख्याच एका थंड बेटावर एक राज्य होते. तिथले पुरुष फुगीर विजार घालत, पण ती मांडीपाशीच संपे. त्याखाली सगळा कारभार मोज्यांचा. पोटरी भरदार तर माणूस खानदानी, असा तिथला हिशेब. देवाने पोटरी दिली नसेल, तर सरदार मोज्यात कोंडा भरत. डोक्यात काय भरले आहे, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

विणलेले मोजे पायाला घट्ट बसत आणि ऊब देत. म्हणून ते फक्त सरदारांनीच घालावेत, असा कायदा होता. बाकीच्यांनी कापडाचे, शिवलेले मोजे घालायचे. ते भिजले की घोट्याशी लोंबत आणि थंडी आत घेत.

समुद्रबांधावर एक म्हातारा राखणदार होता. भरती आली की गुडघाभर पाण्यात उतरून बांधाचा दरवाजा लावायचा, ही त्याची चाकरी. त्याची बायको सरदारांसाठी मोजे विणायची. घरात लोकर होती, सुया होत्या, विणणारे हात होते. नव्हती ती फक्त परवानगी.

एका हिवाळ्यात राखणदाराच्या पायांची बोटे निळी पडली. बायकोने उरल्यासुरल्या लोकरीचे जाडजूड मोजे विणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"घाला मुकाट्यानं."

"अगं, पण कायदा?"

"बांधावर तुमच्या पोटऱ्या बघायला कोण येतंय? मासे?"

"तसं नाही. मी रीतसर अर्ज करतो. मग राजरोस घालीन."

त्याने मोजे पेटीत ठेवून दिले. जन्मात त्याने दरवाजा कधी उशिरा लावला नव्हता. तेव्हा दरबारातही कामे वेळेवर होत असतील, अशी त्याची भाबडी समजूत होती.

दरबारातल्या मोजेकारभारी सरदाराने आधी अर्ज पाहिला, मग अर्जदाराचे पाय पाहिले. कारभाऱ्याची स्वतःची एक पोटरी घसरून घोट्याशी आली होती. ती वर ओढत तो म्हणाला, "म्हातारबा, दरबारापुढं विणलेल्या मोज्यांतच उभं राहायचं असतं. तुझे कुठायत?"

"त्याचीच तर परवानगी मागायला आलोय, सरकार."

"मग परवानगी मिळाली की मोजे घालून ये. तेव्हा अर्जाचं बघू."

राखणदाराला हे पटले नाही. पण पटण्याची सोय अर्जात नव्हती. तो लंगडत घरी आला.

"आता तरी घाला हो," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

"अजून नाही म्हणालेले नाहीत गं ते. आणि चोरून घातले, तर मात्र नक्की नाही म्हणतील."

भरती येत राहिली. तो पाण्यात उतरत राहिला. निळी बोटे काळी पडली, मग पाऊल काळे पडले. शेवटी वैद्याने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

ही बातमी दरबारात पोचली आणि अर्ज प्रथमच हलला. त्यावर शेरा आला : "मोजे जोडीने मंजूर होतात. अर्जदारास पाय एकच. खुलासा करावा."

राखणदार खुलासा काय द्यावा याचा विचार करीत पडून होता. त्याच विचारात तो वारला.

बायकोने पेटी उघडली. थंडगार उजव्या पायात तिने एक मोजा चढवला आणि हाताने नीट सारखा केला. "आता कुणी विचारत नाही तुम्हाला," ती म्हणाली. दुसऱ्या मोज्याची तिने नीट घडी घातली. मग तो तिने पुन्हा पेटीत ठेवला.

तात्पर्य : थंडी कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही, घरात ऊब असताना तिच्यासाठी अर्ज करून वाट पाहू नये.

अर्ज खुलाशाअभावी प्रलंबित आहे.