ठकूचं बारसं

आटपाट नगर नव्हे, आटपाट आभाळ होतं. त्यात मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक लघुग्रह फिरायचा, दगडाचं एवढंसं पोरच ते. थोरल्या दगडांना देवदेवतांची नावं होती, याला नुसता आकडा.

"मला कुणी हाकच मारत नाही. मी चाललो इथून!" ते रुसून म्हणालं.

"थांब जरा," गुरूआजोबा म्हणाले. "तुला शोधून काढणाऱ्या वेणूताई आज तुझं बारसं करताहेत."

खाली पृथ्वीवर वेणूताईंनी, बाळाच्या कानाशी आत्या नेते तसं, तोंड दुर्बिणीशी नेलं. "कुर्रर्र... ठकू!"

"ठकू? हे कुठल्या देवीचं नाव?"

"देवीचं नव्हे. वेणूताईंच्या धाकट्या बहिणीचं. बारशाआधीच गेली ती, ठरवलेलं नाव तसंच राहिलं."

पोर हळूच म्हणालं, "आजोबा, ताईला सांगा, ठकू आता कुठं जायची नाही."