सूर्याबरोबर चढणारं डोकं

"...म्हणजे उन्हाबरोबर चढतं आणि ऊन कललं की उतरतं. असंच ना?" पद्माकरने विचारलं.

मला नाही. माझ्या सासूबाईंना.

"अगदी अस्संच," त्या म्हणाल्या. "दहाच्या सुमाराला धरतं. बारा-एकला तर डोळे उघडवत नाहीत पोरीला. चार वाजले की आपोआप बरं."

दुखत माझं होतं, सांगत त्या होत्या. सासरी नवीन असताना डोकं आपलं असलं तरी तोंड वडीलधाऱ्यांचं असतं. लग्नाला चार महिने होत आले होते, एवढं मला कळलेलं होतं.

टेकडीवरच्या मठात आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. चौथे रेवणबुवा. ते खांबाला टेकून, डोळे मिटून. डोकेदुखीवर त्यांचा हात चांगला, असं चार गावं म्हणत. पण त्या दिवशी त्यांनी "तू बघ," असं म्हणून पद्माकरला, आपल्या शिष्याला, पुढे केलं होतं.

पद्माकर त्याचीच वाट बघत असावा.

टेकडी चढताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे न बघता म्हणाल्या होत्या, "इथंही गुण आला नाही तर परवा तुला माहेरी पोचवते. बरं वाटलं की बघू."

त्या 'बघू'त परत आणायचं कधी, ते नव्हतं. आमच्या शेजारच्या गल्लीत एक सून अशीच 'बघू' म्हणून गेलेली होती. तिचा आंदणाचा पलंगसुद्धा मागून माहेरी गेला.

पद्माकरने हात मागे बांधले.

"मावशी, डोकं म्हटलं की लोक सरसकट बाम चोळतात. चुकतं ते. सर्दीचं डोकं कपाळात जड असतं, त्याला वाफारा आणि सुंठेचा लेप. पित्ताचं मळमळ घेऊन येतं, त्याला धण्याजिऱ्याचं पाणी. मानेतून वर चढत असेल तर कोमट तेल आणि शेक. अर्धशिशी असेल तर अंधारी खोली आणि गप्प बसणारी माणसं."

"ती कुठं मिळायची?" आत्याबाई म्हणाल्या.

"आणि एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, ताप चढला, बोलणं अडखळलं, तर घरचं काही करायचंच नाही. थेट डॉक्टर."

हे सगळं बरोबर होतं. बुवांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"यांचं सूर्यावर्त आहे," पद्माकर म्हणाला. "सूर्याबरोबर चढतं. ओळखायला सोपं, लोकांना ओळखता येत नाही एवढंच."

"मग औषध?"

"सूर्योदयाआधी दूध आणि जिलेबी. तोंड धुतलं की लगेच."

आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"ते नाही जमायचं."

"जिलेबी मिळत नाही?"

"मिळती की. पण हिचं वर्षाचं चालू आहे."

पद्माकरला कळलं नाही. आत्याबाईंनी समजावून सांगितलं. आमच्या घरात नवी सून पहिलं वर्षभर नवऱ्याच्या आधी खात नाही. तो जेवून उठला की त्याच ताटात जेवायला बसायचं. त्याने संसार बळकट होतो.

माझा नवरा तालुक्याला पत्र्याच्या पेट्या विकतो. दुकान बंद करून जेवायला येतो तोवर तीन वाजतात. भला माणूस आहे. ताटात माझ्यासाठी बर्फी ठेवतो.

"चहा चालतो," आत्याबाई म्हणाल्या. "चहाला कोण खाणं म्हणतंय?"

"हरकत नाही," पद्माकर आत्मविश्वासाने म्हणाला. "जिलेबी सोडू. लेप करू."

बुवांनी डोळे उघडले.

पद्माकर सहाणेवर सुंठ उगाळत होता, ते बघत बसले. छान उगाळली त्याने. दाट, गुळगुळीत. वाटीत काढली आणि माझ्याकडे वळला.

"आण इकडे," बुवा म्हणाले.

वाटी घेऊन ते उठले. माझ्यासमोरून गेले. आत्याबाईंसमोर बसले, आणि दोन बोटांनी लेप त्यांच्या कपाळाला लावला. या कानापासून त्या कानापर्यंत.

"अहो बुवा! डोकं हिचं दुखतंय!"

"असं?" बुवा म्हणाले. "मघापासून तुम्हीच सांगताय. मला वाटलं, तुमचं."

मी हसू पदरात धरलं. पद्माकरला तेही जमलं नाही, त्याच्याकडे पदर नव्हता.

बुवा माझ्याकडे वळले.

"सकाळपासून काय खाल्लंस मुली?"

"चहा," मी म्हणाले.

"काल दुखायला लागलं तेव्हा?"

"चहाच."

बुवा आत गेले. बाहेर आले ते ताट घेऊन. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा खांबाला टेकून बसले.

ऊन अंगणात उभं होतं. डोक्यात घण पडत होते.

"बुवा," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "हिचा नवरा जेवला नाही अजून."

"त्याचं डोकं दुखतंय?"

"...नाही."

मी भाकरीला हात लावला नाही. लावला असता तर परवाचा दिवस आजच आला असता. मी आत्याबाईंकडे बघितलं. लेप सुकत चालला होता. कपाळाला बारीक चिरा पडत होत्या.

"मलाही दुखायचं," आत्याबाई म्हणाल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पहिलं वर्षभर."

"मग काय केलंत?" बुवांनी विचारलं.

"करायचं काय? सवय झाली."

"खाण्याची, का दुखण्याची?"

हात लांब करून आत्याबाईंनी माझ्या ताटातला कांदा उचलला, बुक्कीने फोडला, आणि परत ठेवला.

"खा," म्हणाल्या. "निवतंय."

मी खाल्लं. दुसरी भाकरीही खाल्ली. लाज वाटायला हवी होती, पण तिच्यासाठी थांबायला वेळ नव्हता.

भांडं घासून येईपर्यंत घण थांबले. ऊन तसंच डोक्यावर होतं.

"उतरलं?" पद्माकरने विचारलं. या वेळी मला.

"उतरलं."

तो बुवांकडे गेला. कान लाल झाले होते. "बुवा, तुम्ही शिकवलेल्या प्रकारांत हे नव्हतं."

"शिकवताना मी जेवून बसलो असेन," बुवा म्हणाले.

आम्ही निघालो. पायरीवर आत्याबाई थांबल्या. कपाळ पुसायचं त्या विसरल्या होत्या.

"बुवा, उद्यापासून हिला माझ्याबरोबरच बसवते जेवायला. पोराला मी सांगीन, तो काही म्हणायचा नाही. पण नवऱ्याआधी सून जेवते म्हटल्यावर..." त्यांनी खाली गावाकडे बघितलं. "गल्लीतल्या बायकांची डोकी उठतील हो."

"पाठवा त्यांना," बुवा म्हणाले. "लेप पुष्कळ उरलाय."